ना होडी, ना पाऊल

बर्फ आता होडीला वाट देत नाही
आणि माणसालाही पेलत नाही.
आमच्याकडे या दिवसांना केलिरिक्को म्हणतात.
मार्चअखेरीचे तीन आठवडे, कधी पाच.
किनारा चार मैलांवर,
आणि मधे हे, धड पाणी नाही, धड जमीन नाही,
साय धरलेल्या दुधासारखं थरथरणारं.

तयारी केली होती.
कडक काळा पाव, वाटाणे, खारवलेले मासे, रॉकेल,
रक्तदाबाच्या गोळ्या सत्तर.
एल्सा गेल्यानंतरचं हे पहिलंच,
म्हणून तिच्या लोकरीच्या टोपलीवर झाकण ठेवलं.
मनासाठी काय भरून ठेवायचं
ते यादीत कुणी लिहीत नाही.

पहिले दिवस शहाण्यासारखा वागलो.
सकाळी दाढी. कुणासाठी, विचारू नका.
तापमान वहीत. लाकडं मुद्दाम थोडीच फोडायची,
म्हणजे उद्यालाही काम उरतं.
जेवायचं टेबलाशी बसून, चुलीपाशी उभ्यानं नाही.
आरशातल्या माणसाला शिव्या द्यायच्या नाहीत,
दिल्याच तर मोठ्यानं,
म्हणजे त्या किती पोकळ आहेत ते ऐकू येतं.

आणि संध्याकाळी सातला रेडिओ.
पलीकडच्या बेटावर ऑर्वोक्की, वय एक्क्याऐंशी,
आणि तिचं बहिरं कुत्रं.
आम्ही एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत नाही.
ती विचारते, बर्फ कुठल्या रंगाचा?
मी सांगतो, राखाडी. काल निळसर होता.
ती म्हणते, हंस आले. अकरा.

एकोणिसाव्या दिवशी मी उठलो नाही.
काही झालं नव्हतं. तेच तर.
छताच्या फळीत डोळ्यासारखी एक गाठ आहे,
मी तिच्याकडे बघत राहिलो, ती माझ्याकडे.
दाढी राहिली, मग वही राहिली,
मग वाटलं, राहिलेलं सगळं राहू द्यावं.
सातला रेडिओ खरखरला. हात लांब केला नाही.
सव्वासातला परत.
मग तिचा आवाज, चिडलेला:
“टाउनो, तुझी खिडकी अंधारी आहे.
मी झोपण्याआधी दिवे मोजते.
दीपगृहाचा एक, खाडीच्या टोकाचा तांबडा एक, तुझा एक.
आज दोनच भरतात.
ऐंशीच्या पुढे गणित चुकलं
की लोक डॉक्टरला बोलावतात,
आणि डॉक्टर तर येऊ शकत नाही.”

हसू आलं. घशात कुरकुरलं,
गंजलेली बिजागरी उघडावी तसं.
काडेपेटी सापडायला वेळ लागला.
काच न पुसताच वात पेटवली.
“आता?”
“तीन,” ती म्हणाली.
मग बटण दाबून गप्प बसून राहिली.
कुत्र्याचं घोरणं ऐकू येत होतं.
आणि मी म्हणालो, जे एल्साच्या दफनालाही
कुणापाशी म्हटलं नव्हतं,
“ऑर्वोक्की, मला बरं वाटत नाहीये.”
“माहीत आहे. लाकडं आहेत का आत?”
“आहेत.”
“मग चूल पेटव. मी थांबते.”

सालं ओली होती, तीन काड्या गेल्या.
प्रत्येक काडी मी तिला सांगितली.

दुसऱ्या दिवशी तिनं नर्सचा नंबर वाचून दाखवला,
दोनदा, एकेक अंक सुटा.
मी तो दारावर खडूनं लिहिला.
फोनला रेंज उत्तरेच्या खडकावरच मिळते.
बुधवारी तिथं जाऊन लावला.
नर्स तरुण होती, तिनं घाई केली नाही.
त्यानंतर दर बुधवारी खडक.

एप्रिलच्या नवव्या रात्री बर्फ मोडला,
कुणी कपाटातली भांडी
एकेक करून खाली ठेवावीत तसा आवाज.
टपालाची होडी आली, कांदे आले.
मी ऑर्वोक्कीकडे जाऊन आलो.
ती तिच्या आवाजापेक्षा बरीच लहान आहे.
कॉफी प्यायलो, दोघांनाही बोलायला काही सुचेना.
कुत्र्यानं माझे बूट हुंगले.

सातला घरी होतो. रेडिओ खरखरला.
“पाणी कुठल्या रंगाचं?”
तिच्याही खिडकीसमोर तेच पाणी आहे.
तरी मी उठलो,
दारापर्यंत जाऊन बघून आलो.